मागून हाक न आलेला उन्हाळा

सुहासने मला फसवलं. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढे वाचताना कुणाला शंका राहायला नको. नारायणगावात स्टँडजवळ, दुसऱ्या मजल्यावर त्याचं परदेशी शिक्षणाचं ऑफिस आहे. तिथल्या गार हवेत बसवून, कोकम सरबत पाजून तो मला म्हणाला होता, "दत्ता, फिनलंडचं विद्यापीठ हाये ते. आपल्यासारखं न्हाई. उन्हाळ्यात प्रत्यक्ष कामावर जावं लागतं, त्याचे मार्क असत्यात, आन ती जागा विद्यापीठच लावून देतं. तू फक्त थंडीचे कपडे घे." मी थंडीचे कपडे घेतले. जागा कुणी लावून दिली नाही. तिथे ती ज्याची त्याने शोधायची असते, आणि हे सुहासला माहीत होतं. जागा नाही म्हणून मार्क नाहीत, मार्क नाहीत म्हणून अभ्यास पुढे सरकला असं कागदावर दिसेना, आणि तसं दिसेना म्हणून तिथे राहायचा परवाना वाढला नाही. तिथली पदवी अर्धी टाकून मी परत आलो.

आता मे महिना आहे. बाजारात टोमॅटोचा हंगाम उभा राहतोय. सकाळपासून पिकअपची रांग वारूळवाडीच्या अंगाने सरकत येते. क्रेटवर क्रेट आदळल्याचा आवाज, गाडीला गाडी घासली म्हणून चाललेली शिवीगाळ, उन्हात तापलेल्या प्लॅस्टिकचा वास, आणि या सगळ्याच्या वरून पाल्याचा वास. पहिल्या तोड्याच्या मालाचे देठ हिरवेगार असतात, त्यांना तो जास्त येतो. कडवट, जरासा रॉकेलकडे झुकणारा. दोन तास माल निवडला की हात हिरवे-काळे होतात आणि साबणाला अजिबात दाद देत नाहीत. कच्चा टोमॅटो फोडून चोळला की मग कुठे आपले हात आपल्याला ओळखू येतात.

लोकांना वाटतं, या वासाने मला माझं लहानपण आठवत असेल. वडील याच बाजारात क्रेट उतरवायचे, मी याच चिखलात मोठा झालो, तेव्हा तसं वाटणं साहजिक आहे. पण परत आल्यापासून तसं होत नाही. देठ नाकाशी नेला की मला एक सरळ रस्ता दिसतो. दोन्ही बाजूंना पांढऱ्या खोडाची बर्चची झाडं, कडेला जांभळ्या तुऱ्यांची रानफुलं, आणि त्या रस्त्यावर सायकल मारत चाललेला मी. जन्मापासून जो वास माझा होता, तो त्या एका उन्हाळ्याने पळवून नेला.

हेही मी गिळलं असतं. पण बाजाराच्या वळणावर सुहासने आता मोठा बोर्ड लावलाय. त्यावर बर्फात उभा राहून, लाल जाकीट घालून, दात काढून हसणारा मी आहे. खाली लिहिलंय, 'आमचे यशस्वी विद्यार्थी'. त्या बोर्डापासून हाकेच्या अंतरावर मी माल घेतो. परवा पिंपरी पेंढारचा एक शेतकरी क्रेट उतरवता उतरवता वर बघत राहिला. मग माझ्याकडे बघितलं. मग परत वर.

"पावणं, त्यो वरचा तुमचा भाऊ का?"

"मीच हाये."

"मंग हितं काय करताय?"

"तुमचा माल घेतोय."

"तसं न्हाई वो. तिकडं एवढं हसत व्हता, मंग आलात कशाला?"

मी त्याच्या मालाला ठरल्यापेक्षा चढा भाव दिला आणि त्याला वाटेला लावलं. माझ्या धंद्यात हे असं करून चालत नाही.

तो बोर्ड बघून नाजियाने फिनलंडला जायचं ठरवलं. नाजिया म्हणजे जुन्नरच्या रफिकचाचांची पोरगी. अन्नप्रक्रिया शिकायला चालली आहे. त्याच विद्यापीठात, त्याच सुहासच्या हातून. ऑगस्टमध्ये विमान आहे. आणि चाचांनी मला विचारलंय, "दत्ता, पोरीला पाठवू का न्हाई?" या प्रश्नाचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. रोज सकाळी देठांचा वास येतो आणि रोज तो प्रश्न माझ्यासमोर येऊन बसतो.

रफिकचाचा कोण, हे सांगायला हवं, नाहीतर माझी अडचण कळायची नाही. आता ते जुन्नरच्या पेठेत फळांचा व्यापार करतात, त्याआधी बैलांचा करायचे. बारावीनंतर मी त्यांच्याबरोबर बेल्ह्याच्या बैलबाजाराला जायला लागलो. माझ्या घरात धंदा कुणी केलेला नव्हता. मला जे येतं ते या माणसाने शिकवलं. उपरण्याखाली दोन हात जायचे, बोटं बोटांना भाव सांगायची, आणि वर दोन तोंडं पावसापाण्याच्या गप्पा मारायची. ज्याने आधी आकडा तोंडाने बोलून दाखवला तो गेला. सौदा पटला की तिसरा माणूस दोघांच्या हातावर आपला हात ठेवायचा. तो मधला. पुढे बैल औताला बसला किंवा लंगडा निघाला, तर घेणारा विकणाऱ्याकडे जात नाही, मधल्याच्या दारात येतो. म्हणून मधला व्हायला कुणी सहजासहजी तयार होत नाही.

आणि एक शिकवलं होतं, पाठ फिरवणं. भाव अडला की काही न बोलता पाठ फिरवायची आणि निघायचं. चाचा म्हणायचे, "पण पाय वढायचे बेटा. तरातरा गेलास तर त्याला वाटतं हा खरंच गेला. दुसरं जनावर बघत, शेपटी चाचपत, हळूहळू जायाचं. हाक येतीच."

"आन नाय आली तर?"

"मंग बिडी पेटवाया थांबायचं."

"मी बिडी वढत न्हाई चाचा."

"मंग चपलेचा अंगठा तुटला म्हणून बस खाली. पर हाक आल्याबिगर मागं बघायचं न्हाई."

हाक यायची. दरवेळी यायची. "आवं या की राव, कुठं चाललात!" ही हाक म्हणजे आमच्या सौद्याचा अर्धा भाग. ती ऐकायला मिळावी म्हणूनच माणूस पाठ फिरवतो. मी या हाकेवर माझा धंदा उभा केला. कुणाच्या ओळखीवर नाही, बापाच्या जमिनीवर नाही, कारण ती नव्हतीच. शेतात उभा माल नजरेने तोलायचा, भाव बोलायचा, पाठ फिरवायची. त्यातून शिकलो, शेतीची पदवी घेतली, पॉलिहाऊस बघितले, आणि बर्फ पडणाऱ्या देशात माणसं टोमॅटो कसा पिकवतात हे बघायची हौस लागली. त्या हौसेला सुहास भेटला.

विद्यापीठाबद्दल माझी काही तक्रार नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण हे लिहिलं नाही तर दोष विद्यापीठावर जाईल आणि सुहास सुटेल. तिथे मास्तरांना नावाने हाक मारतात. पहिल्यांदा मारताना माझी जीभ वळेना. एकदा मुळांच्या कुजण्याबद्दल मी एक प्रश्न विचारला, तर मास्तर म्हणाले, मला माहीत नाही, उद्या दोघं मिळून बघू. दुसऱ्या दिवशी खरंच खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. आयुष्यात पहिल्यांदा मी मास्तरांच्या तोंडून 'माहीत नाही' ऐकलं. बाहेर नाकातला ओलावा गोठेल अशी थंडी, आणि काचघराचं दार उघडलं की चष्म्यावर वाफ. वाफ पुसेपर्यंत तो वास. वरून दोरीला लोंबणारे वेल, दिव्यांचा पिवळा उजेड, पुठ्ठ्याच्या खोक्यातून ये-जा करणारे गुबगुबीत भुंगे, फुलांवर बसवायला मुद्दाम आणलेले. मी तिथे उभा राहून रडलो होतो, आनंदाने. त्या हिवाळ्यात मी सुखात होतो. सगळे म्हणतात तिकडच्या हिवाळ्याने माणूस खचतो. मला खचवलं ते उन्हाळ्याने.

वसंत आला तसं वर्गातली पोरं एकमेकांना विचारायला लागली, तुला कुठे मिळाली जागा? मी निवांत होतो. शेवटी मार्गदर्शक बाईंना भेटायला गेलो आणि विचारलं, "माझी जागा कधी सांगणार?"

त्या म्हणाल्या, "तूच सांगायची आहेस मला. कुठे मिळाली?"

मग त्या हळूच म्हणाल्या की ही जागा विद्यार्थीच शोधतो, विद्यापीठ फक्त कागदावर सही करतं, बहुतेक जण पानगळीतच विचारायला सुरुवात करतात. त्यांच्या आवाजात दोष नव्हता. दोष असता तर भांडलो असतो. मला भांडता येतं.

मग ती सायकल. एका जुन्या सामानाच्या दुकानातून घेतलेली, मागचं चाक जरा वाकडं. तिकडे गावागावांत काचघरं आहेत, एकेक एवढं मोठं की आत आमची आळी मावेल. मी एकेका दाराशी जायचो. माणूस यायचा, टोपी सारखी करायचा आणि विचारायचा, "पुहुत्को सुओमेआ?" म्हणजे, फिनिश येतं का? मी म्हणायचो, थोडं. तो पुढे चार वाक्यं बोलायचा, मी त्यातलं एक पकडायचो, आणि त्याला कळायचं. चेहरा पडायचा, खरंच वाईट वाटल्यासारखा. "औषध फवारलेल्या दारावर सूचना लिहिलेली असते," एकजण इंग्रजीत म्हणाला, "ती तुला वाचता आली नाही तर?" बरोबर होतं त्याचं. इथे बसून सुहास म्हणाला होता, तिथे सगळे इंग्रजी बोलतात. बोलतात. सूचना मात्र त्यांच्या भाषेत असतात.

उजेड संपायचा नाही. आपल्याकडे दिवस मावळतो आणि माणसाला सुटका मिळते, आज झालं, उद्या बघू. तिथे आज संपतच नव्हता. जेवणं उरकली, गाव झोपलं, तरी ऊन झाडांच्या शेंड्यांवर अडकून बसलेलं. जूनच्या अखेरीला त्यांचा मोठा सण येतो, सगळं गाव तळ्याकाठच्या घरांत निघून जातं. त्या दिवशी मी रिकाम्या रस्त्यावरून फिरलो, माणूस म्हणून दिसला नाही. आणि पुढे जुलै. जुलैमध्ये तो अख्खा देश रजेवर असतो. मी पत्र पाठवलं की क्षणात उत्तर यायचं, आणि माझं काळीज उडी मारायचं. उत्तर यंत्राने दिलेलं असायचं. मी रजेवर आहे, ऑगस्टमध्ये भेटू.

एईला मला त्याआधी भेटली होती, सणाच्या आदल्या आठवड्यात. साठी ओलांडलेली, पायात गमबूट, हातावर तोच हिरवा-काळा थर. तिचं काचघर छोटं होतं. आत शिरताच मला कळलं की इथे माणूस कमी आहे. वेल वेळेवर खाली उतरवलेले नव्हते, पानांच्या बगलेतले नको ते फुटवे वाढले होते. मी विचारल्याशिवायच एका वेलाला हात घातला, फुटवा अंगठ्याने खट्‌कन मोडला, दोरी फिरवली. ती बघत राहिली. दुसरा, तिसरा. मग तिने मान डोलावली. काम झाल्यावर मी खाली पडलेला कच्चा टोमॅटो फोडला आणि हातावर चोळला. ती मोठ्याने हसली आणि तिनेही एक उचलला. दोघांनी नळाखाली हात धरले. फेस हिरवा वाहत होता. इतक्या महिन्यांत माझ्याबरोबर कुणी असं हसलं नव्हतं.

तिने कॉफी दिली, वेलदोड्याचा गोड पाव दिला. मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "सोमवारी ये. ऑगस्टअखेरपर्यंत. पॅकिंगच्या खोलीवर राहायला खोली आहे. पगार शिकाऊ माणसाचा. थोडा आहे."

जे पाहिजे होतं ते सगळं टेबलावर मांडलेलं होतं. आणि माझ्या डोक्यात बाजार जागा झाला. समोरच्याला गरज आहे. वेल लोंबतायत, माणूस नाही, हंगाम तोंडावर आहे. अशा वेळी पहिला भाव कुणी घेतो का? पहिला भाव घेणारा माणूस आमच्याकडे खुळा ठरतो, आणि देणाऱ्यालाही रात्रभर वाटत राहतं की आपण जास्त दिलं. मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "नाही. एवढ्यात नाही जमणार."

ती गप्प बसली. मीही गप्प बसलो. आमच्याकडे ही शांतता म्हणजे रस्सीखेच, जो आधी बोलेल तो पडला. पण तिच्या बाजूने दोरीला ताण नव्हता. ती आरामात बसली होती. कॉफी पीत होती, बाहेर बघत होती. तिच्यासाठी ती नुसती शांतता होती. मी उठलो, आभार मानले आणि पाठ फिरवली. पाय ओढले. एका वेलाशी थांबलो, पान उलटून बघितलं. दाराशी बसून बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. सायकलशी आलो. चाकात हवा भरपूर होती, तरी पंप काढला आणि भरली. मग पाठीमागे दार वाजलं. आली, मी मनात म्हणालो. आली हाक.

एईला दारात उभी होती. तिने हात वर केला आणि हसून म्हणाली, "हेइ हेइ." म्हणजे, बरंय, अच्छा.

सकाळी मी परत गेलो. अंगात ताप असल्यासारखी सायकल मारली. तिने शेजारच्या गावातल्या एका पोराला संध्याकाळीच फोन केला होता. ती खरोखर कष्टी झाली. म्हणाली, "पण तू नाही म्हणालास."

"मी भाव करत होतो."

"तू नाही म्हणालास," ती पुन्हा म्हणाली, अगदी मऊ आवाजात, लहान मुलाला समजवावं तसं. आणि कागदी पिशवीत टोमॅटो भरून दिले. मी ते तळ्याच्या काठी बसून खाल्ले, मिठाशिवाय. ऊन होतं, पाणी चमकत होतं, आडोसा कुठेच नव्हता. त्या प्रदेशात रडायला अंधारसुद्धा मिळत नाही.

इथे कुणी म्हणेल, चूक तुझीच. मला ते मान्य नाही. मी जे केलं ते माझ्या बाजारात मोठमोठी माणसं करतात. मला एक वाक्य हवं होतं फक्त, 'तिथे नाही म्हणजे नाही.' ते वाक्य सुहासकडे होतं. त्याचे वडील याच बाजारात अडते होते. हाक काय असते, पाठ फिरवणं काय असतं, हे त्याला माहीत आहे, आणि आपली पोरं तिकडे कुठे आपटतात हेही. दरवर्षी पोरं त्याला तेच सांगत परत येतात. मी तळ्याकाठून त्याला फोन लावला होता.

तो म्हणाला, "आरं तू येवढा यापारी माणूस, आन तुला एक जागा मिळंना? कमाल हाये राव!"

"तू म्हणला व्हतास विद्यापीठ देतं."

"देतं म्हंजी, सोय असती. धावपळ आपण करायची ना दत्ता. आन ऐक, तो बर्फातला फोटो लई भारी आलाय बघ. ग्रुपवर टाकू ना?"

मी हो म्हणालो. त्या दिवशी कुणी काहीही विचारलं असतं तरी मी हो म्हणालो असतो.

परत आलो. आईने ते लाल जाकीट धुऊन पेटीत ठेवलं. मी पुन्हा माल घ्यायला लागलो. महाळुंगे पडवळच्या एका बागायतदाराने मला त्याच्या पॉलिहाऊसमध्ये नेलं, आणि त्याचे वेल बघून मी फुटवे मोडत सुटलो, तो "आवं थांबा, थांबा," म्हणत मागे. हाताला सवय लागली आहे. कागदावर ते काम मी कुठेच केलेलं नाही.

गेल्या आठवड्यात नाजिया बाजारात आली. डोक्यावर ओढणी, पायात बूट, फुटक्या टोमॅटोच्या चिखलातून वाट काढत सरळ माझ्या क्रेटपाशी.

"दत्ता भाऊ, बोर्डावर तर लई हसताय."

"थंडीनं दात वाजत व्हते. फोटोत हसल्यासारखं आलं."

ती हसली. मग एका क्रेटवर बसून विचारायला लागली. शिकवतात कसं? चांगलं. प्रयोगशाळा? चांगली, दार उघडं असतं. मास्तर पोरींशी नीट बोलतात? नीट. तिच्या प्रत्येक प्रश्नाला माझं उत्तर हो होतं, आणि खरं होतं. तिचा चेहरा उजळत गेला.

"मंग झालं. मी जाणार."

"आन उन्हाळ्याची जागा?"

"ती विद्यापीठ देतं ना. सुहास सर म्हणाले. तुम्हालाबी दिली व्हती." तिने ओढणी सारखी केली. "तुम्हाला घरची आठवण आली म्हणून सोडून आलात, असं म्हणाले."

माझ्या हातातला टोमॅटो फुटला. मी तिला सगळं सांगितलं. बाईंची खोली, सायकल, एईला, नाडी सोडून बांधली तेसुद्धा. ती ऐकत होती, मध्ये एकदाही हसली नाही. शेवटी म्हणाली, "मंग मी आजपासून भाषा शिकते. जायच्या आधीच लोकांना लिहायला लागते. अजून वेळ हाये." आणि मग आवाज खाली आणून, "पण भाऊ, अब्बांना सांगू नका. सुहास सर खोटं बोलले हे त्यांना कळलं तर ते मला पाठवणार न्हाईत. ज्याचा एक शब्द खोटा, त्याच्याकडून बैलसुद्धा घेत न्हाईत ते. तुम्हाला माहीत हाये."

मला माहीत आहे. दोन दिवसांनी चाचा स्वतः आले. चहा घेतला नाही. म्हणाले, "बेटा, त्यो सुहास म्हणतो दत्ताला विचारा. बोर्डावर बी तूच. म्हंजी मधला तू. हायेस का न्हाईस, तेवढं सांग."

मी म्हणालो, "चाचा, शुक्रवारी सांगतो." ज्या माणसाने मला बोलायला शिकवलं, त्याच्यापुढे मी पहिल्यांदा वेळ मागून घेतला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि पाठ फिरवून गेले. पाय ओढले नाहीत.

त्याच दुपारी मी स्टँडजवळचा जिना चढलो. सुहासने कोकम मागवलं. मी म्हणालो, चाचांकडे चल आणि खरं काय ते सांग. विद्यापीठ चांगलं आहे म्हण, जागा स्वतः शोधावी लागते म्हण, आणि मी घरच्या आठवणीने आलो हे खोटं होतं म्हण. तो खुर्चीत मागे रेलला.

"मी तुला लेखी दिलं व्हतं का, जागा देतो म्हणून?"

"आपल्या बाजारात लेखी कोण देतं, सुहास?"

"ह्यो बाजार न्हाई, ऑफिस हाये. आन पोरीनं स्वतः ठरवलंय. तू कशाला आडवा येतो? उलट हितं येऊन बस की. टेबल देतो. पोरांना तिकडच्या गोष्टी सांग. तुझ्या तोंडून पटतात."

कोकमाचा ग्लास मी त्याच्या टेबलावर आडवा केला. लाल पाणी चकचकीत पुस्तिकांवरून वाहत गेलं, बर्फाच्या फोटोंवरून. त्याने पोऱ्याला फडकं आणायला हाक मारली. मी जिना उतरलो.

शुक्रवार उद्या आहे. नमाज झाल्यावर चाचांच्या ओट्यावर जाऊन मला उत्तर द्यायचंय. मी खरं बोललो, तर नाजिया घरी बसेल, आणि ती जन्मभर मला माफ करणार नाही. तिला तिथे शिकता येईल, माझ्यापेक्षा चांगलं, हे मला कळतंय. मी गप्प बसलो किंवा हो म्हणालो, तर ती जाईल, आणि तिचं काही वाईट झालं तर चाचा माझ्या दारात येतील, आणि त्यांना तसा हक्क असेल. दोन्ही बाजूंनी भरायचं मीच, आणि सौदा माझा नव्हताच.

म्हणून हे लिहून जाहीर विचारतोय. सुहास, उद्या चाचांच्या ओट्यावर तू ये. वकील आण, वडिलांना आण, काय वाटेल ते आण. पण त्या पोरीला समोर बसव आणि तुझ्या तोंडाने सांग, पुढच्या उन्हाळ्यात तिने कुणाच्या दारात उभं राहायचं. तुझं खोटं उघडं पडल्यावरही तिच्या बापाने तिला का पाठवावं, हेही तूच सांग. तिच्या जाण्यासाठी भांडायचं असेल तर तू भांड. मी तुझ्यासाठी एक शब्द बोलणार नाही. चाचा विचारतील, आणि या वेळी उत्तर तू द्यायचंस.